चूल न पेटण्याचा दिवस

अकोल्यात मोर्णेच्या काठाला, बंद पडलेल्या तेलगिरणीच्या मागे, सुजातानगर नावाची वस्ती होती. तिथं कुणी जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं, की सिमेंट आणि गवंडी यांच्याही आधी गल्लीत एक चौकशी व्हायची. "मनकर्णाबाईकडे सध्या कोन हाय?" कोणी नसलं तर काम लगेच सुरू व्हायचं. कोणी असलं, तर त्यांचा स्लॅब पडून ते आपल्या घरी परत जाईपर्यंत पुढच्याला थांबावं लागायचं.

रिवाजच तसा पडला होता. घर पाडलं म्हणून किरायाची खोली शोधायची हे सुजातानगरात कुणाला सुचायचंच नाही. अख्खं बिऱ्हाड मनकर्णाबाईच्या मागच्या लांब खोलीत येऊन राहायचं. ती खोली तिच्या नवऱ्यानं, मोतीरामनं, किराणा दुकानासाठी काढली होती. मोतीराम तेलगिरणीत हमाल होता आणि स्वभावानं इतका भिडस्त, की दुकान चालवणं आपलं काम नाही हे त्याचं त्यालाच लवकर कळलं. खोली रिकामी राहिली. मग एका उन्हाळ्यात शेजारच्या देवमनरावांनी घर पाडलं, ते बायकापोरांसकट तिथं राहिले, त्यांच्यामागे आणखी कुणी आलं, आणि पुढे ती खोली कधी महिनाभर रिकामी राहिली असेल तर शपथ.

यावरून मनकर्णाबाई मायेचा सागर वगैरे होती असं कुणी समजू नये. हिवरखेडची लेक ती, तोंडानं फटकळ. पाहुण्या बाईनं भांडी घासताना पाणी जास्त सांडलं तरी ऐकवायची. पोरांच्या पाठीत धपाटा घालताना ती कुणाची आहेत ते पाहायची नाही. पण एकदा खोलीत घेतलेल्या माणसाला "कधी जाता?" हे तिनं जन्मात विचारलं नाही, आणि जाणाऱ्यानंही "आम्हाला परत जागा मिळेल ना?" अशी शंका कधी काढली नाही. घर पडतं, घर उभं राहतं, माणूस परत जातो. यात विचारायचं काय होतं?

या सगळ्यात गंमत अशी झाली, की गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरावर स्लॅब पडला आणि जिच्या आसऱ्यानं तो पडला तिच्या डोक्यावर छपराच्या पत्र्याच्या टिनाच राहिल्या. तिनं स्वतःचं घर काढायचं म्हटलं की खोलीत कोणीतरी असायचंच. मोतीराम उन्हाळ्यात तापलेल्या टिनांकडे पाहत म्हणायचा, "एकदा आपला बी टाकू बाई स्लॅब." तो टिनांखालीच गेला. हे तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं, पण बोलून दाखवील ती मनकर्णाबाई कसली.

रिवाजातला आणखी एक भाग होता. ज्या दिवशी घर पडायचं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. सगळ्यांकडे गॅस आले तरी म्हणायचं चूलच. त्या दिवशी मनकर्णाबाई भाकरी आणि बेसन करायची, सगळी गल्ली तिच्या अंगणात यायची, आणि घर पाडणाऱ्यांची इतकी थट्टा चालायची की धुळीनं माखलेली ती माणसं हसून हसून बेजार व्हायची. अशाच एका जेवणाच्या वेळी समोरच्या घरातली सुंदराबाई, मनकर्णाबाईची जिवाभावाची मैत्रीण, सहज म्हणून गेली होती, "दोनच दिवशी नाही पेटत बाई चूल. घर पडलं त्या दिवशी, नाहीतं घरातलं मानूस गेलं त्या दिवशी."

"जेवाच्या टायमाले काहीबी नोको बोलत जाऊ," मनकर्णाबाईनं तिला दटावलं होतं.

करोना सरला त्याच्या पुढच्या वर्षी नितेश तिच्याकडे आला. नितेश गल्लीतलाच. त्याच्या बापानं घर बांधायला काढलं तेव्हा हे लेकरू रांगत होतं, आणि पहिलं पाऊल त्यानं टाकलं ते मनकर्णाबाईच्या त्या लांब खोलीत. पुढे तो अमरावतीला शिकला, इस्त्रीचे कपडे घालू लागला आणि घरबांधणी करणाऱ्या एका कंपनीत लागला. जुनी वस्ती उठवून तिथं सगळ्यांना पक्की घरं द्यायची, अशी कंपनीची योजना होती. लोकांशी बोलायला माणूस हवा होता, आणि नितेशइतका घरचा माणूस त्यांना कुठं मिळणार?

त्यानं चटईवर एक रंगीत चित्र पसरलं. "मावशी, सात मजली होऊन राहिली. लिफ्ट राहीन. संडास-बाथरूम घरात. नदीले पूर आला तं चिखल उपसाचं काम नाही."

"अन् स्लॅब?"

नितेश हसला. "सगळा स्लॅबच हाय मावशी."

ती चित्राकडे पाहत राहिली. वस्तीत पूर येऊन गेला की गटारीतला गाळ घरात शिरायचा, पोरं तापानं फणफणायची, गिरणीच्या ओसाड आवारातून साप यायचे. हे सगळं तिनं आयुष्यभर सोसलं होतं. नितेश काही खोटं दुःख सांगत नव्हता. आणि चित्रात टिना कुठंच नव्हत्या.

"मांगं येता येईन न आमाले?" तिनं विचारलं. तिच्या तोंडून हा प्रश्न पहिल्यांदाच निघत होता, त्यामुळे तिचं तिलाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

"अशी काहून इचारतं मावशी? मी तुह्याच खोलीत चालाले शिकलो न."

एवढ्यावर तिनं मान हलवली. खरं म्हणजे तिथंच ती चुकली, आणि ही चूक सुजातानगरच्याच माणसानं करावी अशी होती. दुसऱ्या वस्तीतल्या माणसानं निदान विचारलं असतं, आमची इमारत आधी की तुमची? कुठल्या कोपऱ्यात? पण ज्यांनी आयुष्यभर घर सोडलं ते परत येण्यासाठीच, त्यांना हे प्रश्न सुचले नाहीत. मनकर्णाबाई तयार झाली म्हटल्यावर दोन दिवसांत सारी गल्ली तयार झाली. देवमनराव विहाराच्या समितीचे अध्यक्ष, एरवी प्रत्येक गोष्टीला सभा घेणारे. त्यांनी या वेळी सभासुद्धा घेतली नाही. "मनकर्णाबाई निंगून राहिली तं आपन काय थांबाचं?" म्हणाले.

एकटी सुंदराबाई अडून बसली. ती ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मनकर्णे, एक सांग. माहं घर पडलं तं मी तुह्याकडे येतो. तुहं पडलं तं तू माह्याकडे येशीन. सगळ्याइचीच पडली तं कोनी कोनाकडे जाचं?"

"कंपनी किराया देऊन राहिली न वं. शहरात खोल्या कमी हायेत काय?"

"खोली भेटन. म्या खोलीचं नाही इचारलं."

मनकर्णाबाई मोठ्यानं हसली. तिनं ते बोलणं गल्लीभर सांगितलं आणि सगळेच हसले. सुंदराबाई म्हातारपणात भित्री झाली, असं ठरलं. अखेर तिनंही होकार दिला. मैत्रिणीला एकटीला कसं जाऊ द्यायचं, एवढंच तिचं कारण होतं.

मग भिंतींवर लाल रंगाचे आकडे पडले. एकेका दारावर आकडा चढताना पाहून पोरांना मजा वाटली. कुत्री मात्र तेव्हापासून उगाच भुंकू लागली. देवमनरावांच्या बायकोनं आपला आकडा ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला, तर रंग निघण्याऐवजी पसरला, आणि ती घाबरून आत गेली.

पहिलं घर मनकर्णाबाईचं पडलं. तिनंच तसं सांगितलं होतं. जेसीबीनं एकदा ढुसणी दिली आणि इतक्या बिऱ्हाडांना पोसणारी ती लांब खोली खाली बसली. मोतीरामच्या टिना वाकून एका ढिगात गेल्या. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

त्या दिवशी तिनं विहाराच्या अंगणात सगळ्या गल्लीचा स्वयंपाक केला. पेट्या, गाद्या, पंखे असं सामान भोवती रचलेलं, आणि मधे पंगत. पण थट्टा काही रंगेना. कुणी एक-दोनदा सुरुवात करून पाहिली, कोणी साथ दिली नाही. नेहमी पाहुणे जेवून उठायचे ते शेजारच्या उभ्या घरात जायला. आज जेवून उठल्यावर एक टेम्पो एका दिशेला गेला आणि दुसरा दुसऱ्या. शेवटी विहारही पडला. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर तो होणार होता. बुद्धाची मूर्ती देवमनरावांनी आपल्या किरायाच्या खोलीत नेली आणि जागा नव्हती म्हणून फ्रिजवर ठेवली.

मनकर्णाबाई अमरावतीला लेकीकडे गेली. प्रियदर्शनी तिथं नर्स होती, नवरा-बायको दोघंही भल्या सकाळी कामावर निघायची. जिन्यात समोरासमोर दारं होती, पण ती कायम लावलेली. एकदा साखर संपली म्हणून मनकर्णाबाईनं समोरचं दार वाजवलं, तर आतून फक्त डोळा दिसला आणि "क्या चाहिए?" असा आवाज आला. तिनं नंतर ते कधी वाजवलं नाही. फटकळ तोंडाची बाई, पण फटकारायला समोर कुणी असावं लागतं. तिचा आवाज हळूहळू बसत गेला.

अधूनमधून ती एसटीनं अकोल्याला यायची आणि थेट वस्तीवर जायची. भोवती उंच निळ्या पत्र्यांचं कुंपण झालं होतं. त्याच्या वरून इमारत वाढताना दिसे. पत्र्यांवर मोठा बोर्ड लागला. त्यावर हसणारी गोरी माणसं होती, नदी निळीशार होती आणि काहीतरी इंग्रजी नाव होतं. सुजातानगर हे नाव कुठंच नव्हतं. तिला ते खटकलं, पण नाव काय, नंतर बदलता येईल, असं तिनं मनाला समजावलं. वॉचमन तिला पत्र्याच्या फटीतून पाहू द्यायचा. तो बदलला, दुसरा आला, तो फटीजवळही फिरकू देईना. नितेश आधी फोन घ्यायचा, मग "मीटिंगमध्ये हाय मावशी" म्हणायचा, मग त्याचा फोन नुसता वाजत राहायचा.

तरी इमारत वाढत होती ना! तीच तिची खात्री. तिसऱ्या मजल्याची कोपऱ्यातली खिडकी तिनं स्वतःसाठी ठरवून टाकली, कारण तिथून विजेचा जुना खांब दिसला असता. तो खांब पूर्वी सुंदराबाईच्या घराला लागून होता आणि कसा कोण जाणे, कुंपणाच्या बाहेर शाबूत राहिला होता. परत जाऊन ती सगळ्यांना फोन करायची. "देवमनभाऊ, तुमची दुसऱ्या मजल्यावरची, बाल्कनीची. माणिकबाई, तुही माह्या शेजारची. सुंदरे, तुले समोर नाही भेटन, पन भिंतीले भिंत राहीन आपली." तिच्या शब्दावर लोक खूश व्हायचे. गल्लीतल्या माणिकबाईची नात तर शाळेत सांगायची, की आमचं घर इतकं उंच आहे की तिथून नदी दिसते. सुंदराबाई मात्र फोनवर नुसती ऐकून घ्यायची. अकोट रोडला लेकाबरोबर, सुगतबरोबर, ती एका खोलीत राहत होती. "दिवसभर कोनाशी बोलत नाही वं मी," असं एकदा म्हणाली होती. मनकर्णाबाईनं तिला झापलं, थोडी कळ काढ म्हणून.

मग कित्येक महिने तिचं अकोल्याला येणं झालं नाही, आणि ऐन मे महिन्यात सुगतचा फोन आला. सुंदराबाई गेली होती.

मनकर्णाबाई अकोट रोडला पोचली तेव्हा दुपार कलती झाली होती. घरमालक फाटकात उभा होता आणि सुगत त्याच्यासमोर मान खाली घालून. "पाह्य बापू," घरमालक समजुतीच्या सुरात सांगत होता, "वास्तुशांती करून लय दिवस नाही झाले आमच्या घराची. मयत अथून नोको काढू. आमच्या बाया भेतात." त्याच्या आवाजात राग नव्हता. मनकर्णाबाईला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं. याच्याशी भांडायचं कशावर?

तिनं आत जाऊन मैत्रिणीच्या कपाळावर हात ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाली, "चाल सुगत. आपल्या घरून नेऊ तिले."

कुठल्या घरून, हे सुगतनं विचारलं नाही. छोटा टेम्पो आणून त्यांनी सुंदराबाईला मोर्णेकाठी आणलं आणि निळ्या पत्र्याच्या फाटकासमोर, विजेच्या खांबाला लागून, ठेवलं. देवमनरावांनी सगळ्यांना फोन लावले. शहराच्या चारी टोकांकडून माणसं आली, पांढरी लुगडी, पांढरे सदरे. वस्ती उठल्यापासून सारं सुजातानगर पहिल्यांदाच एका जागी जमलं होतं. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. त्यातलं किती रडणं सुंदराबाईसाठी होतं, ते त्यांनाच ठाऊक. मग त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

एक पांढरी कार आली होती. वॉचमन फाटक उघडत म्हणाला, "जरा बाजूला घ्या, जरा बाजूला." लोकांनी सुंदराबाईला उचलून बाजूला घेतलं. कार आत गेली, फाटक लागलं. मनकर्णाबाई वर पाहत होती. थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी उघडली, एका अनोळखी बाईनं खाली जमलेली मयतीची माणसं पाहिली आणि पडदा ओढून घेतला.

नितेश आला होता. गर्दीच्या कडेला पांढऱ्या सदऱ्यात उभा होता. मनकर्णाबाई सरळ त्याच्यासमोर गेली.

"थ्या खिडकीत कोन हाय रे?"

त्यानं वर पाहिलंच नाही. "मावशी, हे बाहेरच्या लोकाइले इकाची बिल्डिंग हाय. आपली मांगच्या बाजूनं व्हाची हाय."

"मांगं कोठी?"

फाटकाच्या फटीतून त्यानं बोट दाखवलं. इमारतीच्या पलीकडे नदीपर्यंत मोकळी जागा होती. तिथं काटेरी बाभळी वाढल्या होत्या आणि गटाराचं पाणी साचलं होतं. एक खड्डासुद्धा खणलेला नव्हता.

"कवा होईन?"

नितेशचे डोळे भरून आले. "मले बी असंच सांगतलं होतं मावशी. माह्या बापाचं घर बी त्यातच गेलं न."

तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीसाठी हात उचलेना. कारण मागून माणिकबाईचा आवाज येत होता. ती नातीला पुढ्यात घेऊन वर बोट दाखवत होती. "थे पाह्य, पडदा हाय न, त्याच्या बाजूची आपली. मनकर्णा आजीनं सांगतलं."

माणसं सुंदराबाईला घेऊन स्मशानाकडे गेली. बाया मागे राहिल्या. आता मयतीहून परतणाऱ्यांना जेवायला घालायचं होतं, आणि सुंदराबाईच्या घरची चूल पेटवायची नव्हती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की कुणाच्या घरी जायचं हे ठरवता येऊ नये. प्रत्येकीला आपापला घरमालक आठवला. कोणीच "माह्याकडे चाला" म्हटलं नाही.

मनकर्णाबाईनं पदर खोचला. कुंपणाच्या कडेला जुन्या घरांच्या विटा पडल्या होत्या. त्यातल्या तीन आणून तिनं खांबाजवळ मांडल्या. कुणी दुकानातून पीठ आणलं, कुणी बेसन, कुणी काटक्या. धूर निळ्या पत्र्यांवरून वर चढू लागला तसा वॉचमन धावत आला. "ओ बाई, इथं चूल नाही पेटवायची. वरून तक्रार आली."

"आज तिच्या घरची पेटत नाही," मनकर्णाबाई भाकर थापता थापता म्हणाली, "म्हून मी पेटवून राहिली." वॉचमन फोन काढून बाजूला गेला.

माणसं आंघोळी करून परतली आणि पत्र्याला पाठ लावून ओळीनं बसली. तिनं देवमनरावांना वाढलं, सुगतला वाढलं, लांब उभ्या राहिलेल्या नितेशला हाक मारून बसवलं आणि त्यालाही वाढलं. सगळ्यांच्या पानात भाकर पडल्यावर ती चुलीपाशी उभी राहिली. तिचा तो जुना, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा आवाज परत आला.

"म्या तुमाले खिडक्या वाटल्या. थ्या आपल्या नाही. एकबी नाही. आपल्या जागी बाभयी हायेत."

कुणाचा हात पानातून वर आला नाही. माणिकबाईनं नातीला जवळ ओढलं.

"सुंदरीनं इचारलं होतं मले," ती म्हणाली, "सगळ्याइचीच पडली तं कोनी कोनाकडे जाचं? म्या हासलो तिले. तुमी बी हासले." एवढं बोलून ती खाली बसली.

फाटक उघडलं. वॉचमन पाण्याची बादली घेऊन चुलीकडे येत होता, आणि त्याच्या मागे आणखी दोघं होते. मनकर्णाबाईनं तव्यावरची भाकर उलटली आणि तिथंच बसून राहिली.